घरी लिनोकट करायचा तर: शाई, कागद आणि पांढऱ्याचा विचार

तुझी अडचण मला अशी समजली. ललितकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजच्या स्टुडिओत एक लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून कागदावर काढलेला ठसा, करून झालाय आणि सुट्टीत घरी त्याच माध्यमात काम करायचंय. घरी जागा म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल. चमच्यानं घासून काढलेले ठसे फिकट आले, काळ्या भागात सगळीकडे बारीक पांढरे ठिपके राहिले. म्हणून तू विचारतेस की छपाईची छोटी प्रेस विकत घ्यावी का, आणि ती परवडत नसेल तर घरी लिनो करण्यात काही अर्थ आहे का.

प्रेस घेऊ नकोस. घरी काम मात्र जरूर कर.

लिनो ही उठावाची छपाई आहे. रोलर फिरवला की शाई फक्त न कोरलेल्या, वर राहिलेल्या भागावर बसते आणि कागद तिला तिथेच, वरच्या वर भेटतो. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावरून केलेली छपाई, तिथे शाई पत्र्यातल्या खोल रेषांत असते. ओलसर कागद त्या रेषांत शिरेल इतका दाब हातानं देता येत नाही, म्हणून तिथे प्रेसला पर्याय नसतो. लिनोला तळहाताचा आणि मनगटाचा जोर पुरतो. १९२० आणि ३० च्या दशकांत लंडनच्या ग्रोव्हनर स्कूल या कलाशाळेत क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवत. त्यांचे आणि त्यांच्याभोवतीच्या सिबिल अँड्र्यूज, सिरिल पॉवर यांचे रंगीत लिनोकट आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. वेगानं वळणारी वाहनं, भुयारी रेल्वेचे जिने, अंग झोकून काम करणारी माणसं असे त्यांचे विषय. ही कामं पातळ जपानी कागदावर हातानं घासून छापलेली आहेत. तेव्हा प्रेस नाही म्हणून चित्र कमी प्रतीचं येतं, ही समजूत आधी काढून टाक.

तुझे ठसे ठिपकेदार येतात त्याचं कारण बहुतेक वेळा शाई आणि कागद या दोघांत असतं. आणि तू लिहिलं नाहीस, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या कामात मला सतत दिसणारी आणखी एक गोष्ट असते: पेन्सिलचं चित्र जसंच्या तसं लिनोवर उतरवलेलं असतं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्यावर पुढे सविस्तर लिहिते. आधी ठिपक्यांचं बघू.

पहिला संशय कागदावर घे. ड्रॉइंगसाठी आपण जो कार्ट्रिज कागद वापरतो त्याला खर असते, पेन्सिल धरावी म्हणून. ती खर म्हणजे बारीक उंचवटे आणि खळगे. हातानं घासताना शाई उंचवट्यांना लागते, खळगे कोरडे राहतात आणि नेमके तेच ठिपके तुला दिसतात. प्रेसखाली हा कागद दबून सपाट होतो म्हणून कॉलेजात तुला हा त्रास झाला नसेल. कागद खिडकीशी तिरका धरून बघ. पृष्ठभागावर सावल्या दिसल्या तर तो हाताच्या छपाईला नको. पातळ आणि गुळगुळीत कागद घे. नेपाळी कागद मिळतो, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत असते, त्या बाजूवर छाप. जपानी कोझो कागद मिळाला तर उत्तमच, पण महाग पडतो, शेवटच्या प्रतींसाठी ठेव. आपल्याकडचा हातकागद खूप सुंदर असतो. त्यातला जाड, खरबरीत प्रकार टाळ आणि पातळ, घोटलेला प्रकार माग. पुण्यात असशील तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन कागद हातात घेऊन निवडता येतो. कागद चित्रावरून आणि नावावरून मागवू नये, बोटांना विचारून घ्यावा. कच्च्या प्रुफांसाठी, म्हणजे चाचणीच्या ठशांसाठी, न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा कागद) पुरेसा आहे. तो शाई छान ओढतो, फक्त लवकर पिवळा पडतो.

आता शाई. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक यांनी लिनो छापू नकोस. दोन्ही पृष्ठभागावरच वाळतात आणि ॲक्रिलिक कागद ब्लॉकला, म्हणजे कोरलेल्या लिनोला, चिकटवून ठेवतं. छपाईची म्हणून जी शाई मिळते तिचे दोन प्रकार आहेत. पाण्याची शाई धुवायला सोपी, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ती शाई पसरायच्या काचेवर काही मिनिटांत सुकायला लागते. तुझे फिकट ठसे यातूनही आले असतील. पंखा बंद कर, शाई थोडी थोडी काढ आणि एखादा थेंब ग्लिसरीन मिसळून बघ. तेलाची शाई सावकाश वाळते, थर सपाट बसतो आणि काळा रंग भरीव येतो. मी विद्यार्थ्यांना तेलाचीच सांगते. हल्ली साबण-पाण्यानं धुता येणारी तेलाची शाईही मिळते. ती परदेशी आणि महाग असते, पण छोटी ट्यूब बरीच पुरते.

आपल्याकडचे कितीतरी मुद्राचित्रकार छापखान्याची ऑफसेट शाई वापरतात. ती किलोच्या डब्यात मिळते, म्हणून चार जणांत मिळून घ्या. चिकट वाटली तर अगदी थोडं जवसाचं तेल घालून पातीनं चांगली घोट. डब्यातून शाई काढताना मध्ये खड्डा करू नकोस. वरूनच सपाट खरवडून घे आणि डबा बंद करण्याआधी शाईवर बटरपेपरचा गोल तुकडा चिकटवून बसव, नाहीतर वर जाड साय धरते आणि तिचे कण पुढे प्रत्येक ठशात दिसतात.

शाई लावणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे आणि तेच सगळ्यात घाईनं केलं जातं. जाड काच घे, कडा घासून टेप लावलेली. नसेल तर सनमायकाचा तुकडा किंवा पांढरी गुळगुळीत टाइल चालते. काचेच्या वरच्या कडेला शाईची बारीक पट्टी ओढ आणि रोलर तिला जेमतेम टेकवून खाली आण. दर खेपेला रोलर उचलायचा, म्हणजे तो थोडा फिरतो आणि शाई त्याच्या सगळ्या अंगाला समान लागते. आडवा, उभा, पुन्हा आडवा. आवाज ऐक. थर जास्त असेल तर चटचट असा ओला, चिकट आवाज येतो आणि शाईवर संत्र्याच्या सालीसारखी खरखर दिसते. थर बरोबर असला की आवाज बारीक, सलग सळसळीचा होतो आणि शाई मखमली दिसते. असा पातळ थर ब्लॉकवर चार-पाच वेळा चढवायचा. एकदाच जाड थर दिला तर बारीक रेषा बुजतात आणि कडांना शाईची किनार येते. रोलर रबराचा हवा, भिंत रंगवायचा स्पंजचा अजिबात नको. काम थांबवलंस की तो उलटा, पाठीवर ठेव. रबरावर टेकवून ठेवला तर तिथे सपाट चट्टा पडतो आणि मग तो चट्टा जन्मभर छापत राहतो.

कोरलेला नवा ब्लॉक पहिल्या दोन-तीन ठशांत शाई स्वतःच पितो, त्यामुळे पहिले ठसे फिकट येणारच. त्यावरून निष्कर्ष काढू नकोस. कोरण्याआधी लिनोवर अगदी बारीक पॉलिशपेपर पाणी लावून हलका फिरव आणि साबणानं धुऊन पूर्ण वाळव. वरचा तेलकट, चकचकीत थर गेला की शाई नीट धरते.

घासण्यासाठी स्टीलचा मोठा चमचा, पळीचा बूड किंवा लाकडी चमचा यांपैकी काहीही चालतं. कागद ब्लॉकवर ठेवला की आधी तळहातानं मधून कडांकडे दाब देत चिकटव. मग वर बेकिंग पेपर ठेव, म्हणजे चमचा सरकतो आणि तुझा कागद खरवडत नाही. छोट्या गोलांत घास, पट्टे ओढू नकोस. कडा आणि कोपरे नेहमी उपाशी राहतात, त्यांना वेगळा वेळ दे. एका हातानं कागद घट्ट धर आणि एक कोपरा अर्ध्यापर्यंत उचलून बघ. कुठे कमी लागलं असेल तर कागद परत टेकव आणि तिथे घास. हवं तर उचललेल्या भागाला पुन्हा शाई लाव. हाताच्या छपाईची ही मोठी सोय आहे. प्रेसमध्ये कागद आत गेला की जे होईल ते होईल. इथे तू ठसा घडत असताना बघू शकतेस, आकाशाला हलका आणि जमिनीला गच्च दाब देऊ शकतेस. लाटणं मात्र नको. ते एका रेषेतच दाब देतं आणि कागद सरकवतं. ब्लॉक तळहाताएवढा असेल तर वर जाड पुठ्ठा आणि फळी ठेवून त्यावर सावकाश उभं राहिलं तरी चांगला ठसा मिळतो.

लिनो विकत घेताना नीट बघून घे. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचं द्रव्य. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थानं ते १८६० च्या दशकात तयार केलं. जवसाचं तेल हवेनं घट्ट करायचं, त्यात राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा मिसळायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. हा इतिहास तुझ्या कामाचा आहे, कारण जवसाचं तेल पुढेही हवा घेत कडक होतच राहतं. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला लिनो ठिसूळ होतो, कोरताना त्याचे तुकडे उडतात. कोपरा हलकेच वाकवून बघ, बारीक तडे दिसले तर घेऊ नकोस. मागे तागाचं कापड आहे का तेही बघ. फ्लोअरिंगच्या दुकानात ‘लिनोलियम’ म्हणून जे दाखवतात ते बहुधा व्हिनाइल असतं. मऊ रबरी शीट शिकाऊ हाताला सोपी जाते, पण तिच्यात रेषा अति सहज सरकते आणि कड थोडी गोल येते. तू दुसऱ्या वर्षाला आहेस, खरा लिनोच घे. त्याचा थोडासा विरोध हाताला शिकवतो.

थंडीत लिनो कडक वाटला तर गॅलरीतल्या उन्हात दहा मिनिटं ठेव, किंवा सुती कापड टाकून वरून कोमट इस्त्री फिरव. गरम लिनो लोण्यासारखा कापला जातो. मेमधल्या दुपारी उलट होतं: तो इतका नरमतो की बारीक रेषेच्या कडा दबतात. त्या दिवसांत सकाळी कोरावं.

हत्यारांवर पैसे खर्च करायचे तर दोनच घे, पण चांगली: एक बारीक व्ही आणि एक साधारण पाच मिलिमीटरचा यू (पात्याच्या टोकाच्या आकारावरून ही नावं). प्लास्टिकच्या मुठीत पाती बदलायचे स्वस्त संच मिळतात. त्यांनी सुरुवात होते, पण ती पाती लवकर बोथट होतात आणि त्यांना नीट धार लागत नाही. बोथट हत्यार ओळखायची खूण अशी की कापलेली सालपट सलग निघत नाही, चुरा होतो आणि तुला खांद्यातून जोर लावावा लागतो. जोर लावला की हत्यार सटकतं. या कामातल्या जखमा बहुतेक अशाच होतात. चामड्याचा जुना पट्टा फळीवर चिकटव, त्यावर पॉलिशिंग कंपाऊंड लाव आणि अर्ध्या तासाच्या कोरण्यानंतर हत्यार त्यावर मागे ओढत घोटत जा.

कोपऱ्यावरच्या सुताराकडून एक साधी फळी करून घे: प्लायवूडचा तुकडा, एका टोकाला वरच्या बाजूनं पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूनं. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो अडतो आणि धरणाऱ्या हाताला पुढे यायची गरजच उरत नाही. तो हात नेहमी पात्याच्या मागे. हा नियम कधी मोडू नकोस, अगदी एवढासा कोपरा राहिला असला तरी. वळणदार रेषेला हत्यार स्थिर ठेवून ब्लॉक फिरव. आणि रेषेच्या बाजू उतरत्या ठेव, आतून पोखरू नकोस. पोखरलेली बारीक रेषा रोलरच्या दोन-चार फेऱ्यांतच तुटते.

आता चित्राकडे येते. पेन्सिलनं काढताना आपण पांढऱ्या कागदावर काळं वाढवत नेतो. लिनोवर सगळं उलट आहे. न कोरलेला ब्लॉक छापला तर संपूर्ण काळा चौकोन मिळतो. हत्याराची प्रत्येक खूण म्हणजे त्या काळ्यात आलेला उजेड. ज्यानं पेन्सिलचं रेखाटन लिनोवर उतरवलं, त्याला प्रत्येक काळी रेषा वाचवण्यासाठी तिच्या दोन्ही बाजू कोराव्या लागतात. तासन्‌तास खपून शेवटी मिळते ती पेनानं पाच मिनिटांत काढता आली असती अशी रेषा, तीही थरथरती. या कामात हात थकतो, मन रमत नाही, आणि मुलं म्हणतात लिनो कंटाळवाणा आहे. माध्यमाकडून त्याच्या स्वभावाविरुद्ध काम करून घेतलं की असंच होतं.

म्हणून पहिला ब्लॉक असा कर. दहा बाय पंधरा सेंटीमीटरचा तुकडा घे. त्यावर पातळ काळी शाई पुसून तो काळा कर आणि वाळू दे. आता कोरलेली प्रत्येक खूण तपकिरी उजळ दिसेल, म्हणजे ठसा कसा येईल हे कोरतानाच कळत राहील. चित्र काढायचं ते पांढऱ्या पेन्सिलीनं किंवा खडूनं, आणि फक्त उजेडाचं. विषय मुद्दाम अंधाराचा निवड: रात्री जिन्यातला एकच दिवा, गजांतून भिंतीवर पडलेला उजेड, पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरचं दुकानाचं प्रतिबिंब, देवघरातली समई. बाह्यरेषा काढायची नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा, उजेड कुठून येतोय आणि कुठवर पोचतोय. सगळ्यात जास्त उजेड असलेली एकच जागा मोकळी कोर आणि थांब. ठसा काढ. मग थोडं आणखी कोर, पुन्हा ठसा काढ. ब्लॉक धुऊन-पुसून सात-आठ टप्पे असे न्यूजप्रिंटवर काढून भिंतीवर ओळीनं लाव. बहुतेक वेळा तुला दिसेल की चित्र चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यावरच पूर्ण झालं होतं आणि नंतर तू फक्त काळं संपवत गेलीस. थांबायचं कुठे, हे डोळ्याला कळण्यासाठी याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही.

दोन टोकांच्या मधल्या छटाही हत्याराच्या खुणांतूनच येतात. एका वेगळ्या तुकड्यावर चौकोन आखून त्यात नुसत्या खुणा कर: बारीक समांतर रेषा, तुटक रेषा, यू कटरचे छोटे चमचे, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा, व्ही आत रोवून गरकन फिरवलेले ठिपके. हा तुझा शब्दकोश. सुती साडीचा पोत, कौलांचे थर, पाण्याची लकेर यांपैकी कुठल्या खुणेला काय जमतं ते त्यावरून ठरव. मोकळ्या कोरलेल्या भागात ज्या उंच रेघा उरतात त्या छापल्या जातात आणि अनेक जण त्या पुसून टाकतात. मला त्या आवडतात, पण त्यांना दिशा हवी. आकृतीच्या कडेला समांतर किंवा उजेडाच्या उगमाकडून बाहेर अशा त्या जात असतील तर चित्राला श्वास देतात. वाटेल तशा गेल्या तर नुसता केर दिसतो.

नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोकट केला. तो तू पाहिलाच असशील, आता पुन्हा कोरणाऱ्याच्या नजरेनं बघ. किती कमी कोरलंय आणि आकृतीभोवतीच्या काळ्यावर किती भरवसा ठेवलाय. चित्तप्रसाद यांची कामंही बघ. बंगालचे, पण आयुष्याची कितीतरी वर्षं मुंबईत अंधेरीत राहिलेले. कष्टकरी माणसं आणि राबणारी मुलं त्यांनी लिनोत कोरली. त्यांच्याकडे रेषा जाड आणि ठाम आहे, आणि काळ्या-पांढऱ्याची वाटणी इतकी नेमकी आहे की चित्र लांबूनही बोलतं. नक्कल करू नकोस. एक चित्र घेऊन त्यातले फक्त काळे आकार काळ्या कागदातून कापून मांड. काळं हे उरलेलं नसून रचलेलं असतं, हे त्यातून हाताला कळेल.

ठसा उलटा येतो हे तुला माहीत आहे, पण त्याचे परिणाम आपल्याकडे जरा वेगळे आहेत, म्हणून लिहिते. डाव्या सोंडेचा गणपती कोरलास तर कागदावर उजव्या सोंडेचा येईल, आणि तो भेट म्हणून दिलास तर घरातलं मोठं माणूस तेच आधी बघेल. बाईचा पदर उजव्या खांद्यावर जाईल. तंबोरा, सतार, विळी सगळ्यांचे हात बदलतील. आणि अक्षरं. देवनागरीत शिरोरेषा वर असल्यानं शब्द उलटा असूनही ओळखीचा वाटतो आणि फसगत होते. पहिली वेलांटी उलटली की दुसरीसारखी दिसते आणि हात नकळत ती सुधारतो. म्हणून अक्षरं कधीही थेट ब्लॉकवर काढू नकोस. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सुलटी काढ, कागद पालथा घालून मागून घास. ब्लॉकवर आपोआप उलटी उतरतात आणि छापल्यावर सुलटी होतात. कोरायला बसण्याआधी ब्लॉकचा आरशात एक फोटो घे आणि शांतपणे वाच.

रंगाची घाई करू नकोस, पण करशील तेव्हा एकाच ब्लॉकवर कोरत कोरत छापण्याच्या पद्धतीनं सुरुवात कर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पिकासोनं दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरीस इथे आर्नेरा या मुद्रकाबरोबर ही पद्धत भरपूर वापरली. आधी जे पांढरं राहायचं ते कोरायचं आणि सगळ्यात फिकट रंग सगळ्या प्रतींवर छापायचा. मग जिथे तो फिकट रंग टिकायला हवा तो भाग कोरायचा आणि त्याच ब्लॉकनं पुढचा गडद रंग त्याच प्रतींवर. मागे जायला वाट नाही, ब्लॉक संपत जातो. त्यामुळे हव्या त्यापेक्षा निम्म्या जास्त प्रती पहिल्या रंगातच काढून ठेव. काही प्रती वाटेत बिघडतातच. रंग एकावर एक बसण्यासाठी पुठ्ठ्यावर दोन काटकोन पक्के कर, एक ब्लॉकसाठी आणि एक कागदासाठी, आणि कागद नेहमी त्याच कोपऱ्यातून टेकव. दोन रंग पुरे. तीन-चार रंगांचा मोह पुढच्या वर्षी.

वाळवणं हा आपल्याकडे ऋतूचा प्रश्न आहे. तेलाची शाई उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत हाताला लागत नाहीशी होते. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात आठवडा सहज जातो, आणि दमट कागद एकावर एक ठेवला तर बुरशीचे डाग येतात. खोलीत दोरी बांधून चिमट्यांनी एकेक प्रत टांग, पंखा हळू ठेव आणि पूर्ण वाळल्याशिवाय फाइलमध्ये घालू नकोस.

सफाईला घरात रॉकेल आणि टर्पेंटाइन आणू नकोस, बंद खोलीत त्यांची वाफ वाईट. काच, रोलर आणि ब्लॉकवरची शाई आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं खरवड, मग थोडं गोडेतेल घेऊन फडक्यानं पूस आणि शेवटी भांड्याच्या साबणानं. ब्लॉक पाण्यात बुडवून ठेवू नकोस, मागचं तागाचं कापड पाणी पितं आणि लिनो वाकतो. जवसाचं तेल किंवा तेलाची शाई लागलेली फडकी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. गॅलरीत मोकळी पसरून कडक वाळू दे किंवा पाण्यात भिजवून मग टाक. घरच्यांनाही हे सांगून ठेव, कारण आवरताना बोळा तेच करतात.

प्रती किती काढायच्या? पहिल्या चांगल्या ब्लॉकच्या दहा काढ. सगळ्या दहा सारख्या आल्या पाहिजेत, हीच परीक्षा. ठशाच्या खाली पेन्सिलीनंच लिही: डावीकडे प्रतीचा क्रमांक आणि एकूण संख्या, म्हणजे ३/१०, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. स्वतःसाठी ठेवलेल्या एक-दोन प्रतींवर क्रमांकाऐवजी ‘ए. पी.’ लिहितात, म्हणजे कलाकाराची प्रत. दहा ठरवल्या की अकरावी काढायची नाही. घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो.

आणि सुट्टीत एकटीनं करण्यापेक्षा वर्गातल्या नऊ जणांना बरोबर घे. कागदाचं एकच माप ठरवा, चौकट तेवढीच, विषय ज्याचा त्याचा. प्रत्येकानं आपल्या ब्लॉकच्या दहा प्रती काढायच्या आणि कॉलेज उघडलं की अदलाबदल करायची, मध्ये बटरपेपर घालून. प्रत्येकाच्या हाती दहा वेगवेगळ्या हातांचे दहा लिनोकट येतील. कुणाचा काळा भरीव आलाय, कुणी कुठला कागद वापरला, कुणाची शाई कडांना जमली, हे मूळ ठसे जवळजवळ ठेवून बघता येईल. मग ज्याचा काळा सगळ्यात चांगला असेल त्याला विचार की थर किती चढवले.